प्राण्यांच्या साहसकथा घरी मोठ्याने वाचायच्या असतील तर: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

ओळखीतल्या बऱ्याच घरांमधून मला एकच तक्रार ऐकू येते. मोठ्या हौसेनं जाडजूड पुस्तक आणलं, आत ससे, उंदीर, लांडगे सगळं होतं, तीन रात्री दणक्यात वाचन झालं आणि चौथ्या रात्री पोरगं म्हणालं की आई आज नको. मग पुस्तक फडताळात आणि निष्कर्ष तयार, आजकालच्या मुलांना वाचनाची आवडच नाही. मी स्वतः दोनदा हेच केलंय म्हणून सांगते, पोरांचा काही दोष नसतो. आपण पुस्तक न वाचताच वाचायला बसलेलो असतो. लग्नघरात आचारी जसा डाळ न निवडता पातेलं चढवत नाही तसंच आहे हे, आधीची निवड-टिपण झाली की पुढचं काम निम्मं.

आमच्या घरात ऐकायला धाकटा (५), थोरली (११), सासूबाई (वय त्या सांगत नाहीत) आणि पेपर वाचतोय असं दाखवणारा नवरा. पुढचं सगळं या चौघांवर करून बघितलेलं आहे, तुमच्या घरात थोडं इकडेतिकडे होईल.

टप्पा १: आधी ऐकणारी माणसं बघा, मग पुस्तक निवडा

प्राणीच का, हे एकदा डोक्यात बसलं की निवड सोपी होते. गोष्टीतला नायक आठ वर्षांचा मुलगा असेल तर अकरावाली लगेच नाक मुरडते, "हे बाळबोध आहे." पण ससा कितवीत आहे हे कुणी विचारत नाही, त्यामुळे पाच वर्षांचा आणि सत्तरीतली आजी एकाच सशाच्या मागे पळू शकतात. दुसरं म्हणजे आकार. सशाला साधा डांबरी रस्ता ओलांडायचा असला तरी ती मोहीम असते, आणि घरात धाकट्याचं तेच चाललेलं असतं की, फ्रिजचं वरचं दार, बाथरूमचा दिवा, सगळं त्याच्या हाताबाहेर. त्याला वेगळं समजवावं लागत नाही.

म्हणून दुकानात किंवा लायब्ररीत पुस्तक हातात घेतलं की तीन गोष्टी करा.

पुस्तक मधेच कुठेही उघडा आणि बघा की प्राणी नाक, कान, शेपूट, नखं वापरतोय का. उंदराच्या जागी बंडू घातला तरी वाक्य जसंच्या तसं चालत असेल तर ते पुस्तक ठेवून द्या. त्यात उंदराचे कपडे घातलेला बंडूच आहे.

मग एखादं प्रकरण कुठे संपतंय ते बघा. शेवटी काहीतरी लटकत राहायला हवं. कुणीतरी आवाज ऐकलाय, कुणीतरी परत आलेलं नाहीये, असं काहीतरी.

आणि एक परिच्छेद तिथेच उभं राहून ओठांत पुटपुटून वाचा. दम लागला तर रात्री साडेनऊला, दिवसभराचं ऑफिस करून, तुम्हाला ते झेपणार नाही.

वयात फरक असेल तर आमच्याकडे एक नियम आहे, पुस्तक थोरलीच्या डोक्यानं निवडायचं आणि धाकट्याच्या छातीनं वाचायचं. म्हणजे गोष्ट मोठ्याला पुरेल अशी हवी, भीतीचा डोस छोट्याला झेपेल एवढा. उलट केलं की दोघंही जातात.

नेहमीची चूक: एका पानाच्या बोधकथांचा संग्रह आणून त्याला साहसकथा समजणं. कासव जिंकलं, तात्पर्य, पान उलटा. त्यात उद्या रात्री काय होणार हा प्रश्नच उरत नाही.

पहिल्यांदाच करताय आणि मोठं पुस्तक अंगावर येतंय असं वाटत असेल तर पंचतंत्रातलं दुसरं तंत्र घ्या, मित्रसंप्राप्ती. पण सलग, तुकडे पाडून नाही. चित्रग्रीव कबुतर आपल्या थव्यासकट जाळं घेऊन उडतं इतकंच बहुतेकांना आठवतं, पुढचं कुणी वाचतच नाही. ते सगळं बघून लघुपतनक कावळा हिरण्यक उंदराशी मैत्री करायला जातो आणि उंदीर बिळातूनच सांगतो की तू मला खाणारा, तुझी माझी कसली मैत्री. मग मंथरक कासव येतं, मग शिकाऱ्याला घाबरून पळालेलं चित्रांग हरीण. शेवटी कासव पकडलं जातं आणि हरणाला तळ्याकाठी मेल्याचं सोंग घेऊन पडायला लागतं. आठवडाभर आरामात पुरतं. फक्त एक काळजी घ्या, पंचतंत्रात गोष्टीच्या पोटात गोष्ट असते आणि ऐकणाऱ्याला आपण कुठे आहोत तेच कळत नाही. मी आतली गोष्ट सुरू झाली की एक बोट वर करते, त्याच्या आत अजून एक आली तर दोन बोटं, संपली की बोट खाली. धाकटा आता माझ्या आधी बोट खाली करतो.

तपासा: पुस्तकाबद्दल "चांगले संस्कार होतील" याशिवाय तुम्हाला स्वतःला एक तरी कारण सांगता येतंय का? नसेल तर दुसरं बघा.

टप्पा २: पेन्सिल घेऊन एकट्यानं वाचा

हा टप्पा लोक हमखास टाळतात आणि चौथ्या रात्रीचं सगळं रामायण इथून सुरू होतं. पूर्ण पुस्तक आधी वाचून झालं तर उत्तम, नाहीतर निदान पाच प्रकरणं पुढे राहा आणि शेवटची दोन वाचून ठेवा. हो, शेवट आधी वाचायचा, तुम्ही वाचक नाही, तुम्ही ड्रायव्हर आहात.

समासात मी तीनच खुणा करते. आडवी रेघ म्हणजे इथे थांबता येईल. फुली म्हणजे हे गाळायचं. गोल म्हणजे कुणीतरी मरतंय किंवा रक्त आहे.

लोक कुठे फसतात याची उदाहरणं देते.

जंगल बुक, १८९४ चं. सगळ्यांना वाटतं ही मोगलीची कादंबरी आहे. नाहीये. पहिल्या पुस्तकात सात गोष्टी आहेत, त्यातल्या पहिल्या तीनच मोगलीच्या, चौथ्या गोष्टीत एकदम पांढरा सील मासे खात पोहायला लागतो आणि पोरं विचारतात मोगली कुठे गेला. मोगलीच्या आणखी पाच गोष्टी १८९५ च्या दुसऱ्या पुस्तकात आहेत. पहिल्या पुस्तकात आणखी एक खड्डा आहे, पहिली गोष्ट संपताना मोगली लांडग्यांच्या टोळीतून बाहेर पडलेला असतो आणि दुसऱ्या गोष्टीत तो परत टोळीत, बालू अस्वलाकडे धडे गिरवतोय, कारण ती आधीच्या काळातली आहे. पुस्तकात हे एका वाक्यात सांगितलंय पण वाचताना ते वाहून जातं. सुरू करण्याआधी स्पष्ट सांगा, "ही गोष्ट आधी घडलेली आहे हं." मी सांगितलं नव्हतं, तर थोरलीनं दोन रात्री माझ्याशी वाद घातला की पान चुकलंय.

वॉटरशिप डाउन, १९७२ चं, सशांचं. पन्नास प्रकरणं आहेत आणि प्रत्येकाच्या डोक्यावर कुठल्यातरी जुन्या नाटक-कवितेतला उतारा. तो मोठ्याने वाचू नका, सरळ फुली मारा. पहिल्याच प्रकरणात छोट्या फायव्हरला अख्खं कुरण रक्तानं भरलेलं दिसतं, म्हणजे पहिल्याच रात्री गोल. पाच वर्षांच्या मुलासमोर हे पुस्तक मी काढणार नाही, नऊ-दहाच्या पुढे ठीक. पण मधे मधे ससे एकमेकांना आपल्या पूर्वजाच्या, एल-अहरैराहच्या गोष्टी सांगतात, त्या सुट्या काढून एकेक रात्र लहानांनाही मस्त चालतात.

विंड इन द विलोज, १९०८ चं, नदीकाठच्या प्राण्यांचं, बारा प्रकरणं. सातवं आणि नववं संथ आहे, सुंदर आहे पण संथ आहे, नेमकं तिथे घरं थांबतात. ती दोन बाजूला ठेवून बेडकाच्या मोटारगाडीचा आणि तुरुंगाचा धागा सलग वाचा, गाळलेलं मग पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी दुपारी काढा. कुणी पोलीस येत नाही.

थांबा: आधी न वाचता "बघू, वाचता वाचता कळेल" असं म्हणून बसला असाल तर आज फक्त एक प्रकरण वाचा आणि उरलेल्या वेळात पुढची पाच एकट्यानं संपवा.

टप्पा ३: नावांची आणि बोलण्याची वही

पुस्तक मराठी अनुवादात मिळालं तर हा टप्पा छोटा आहे. पण बरीच पुस्तकं आपण इंग्रजी घेतो आणि वाचता वाचता मराठीत सांगत जातो, आणि तिथे खरी गंमत होते. सोमवारी ज्याला कोल्हा म्हटलं त्याला गुरुवारी लांडगा म्हटलं की धाकटा तिथल्या तिथे पकडतो आणि मग अर्धा तास त्याच चर्चेत. एक पन्नास पानी वही घ्या आणि चार रकाने आखा: नाव, प्राणी, कोण कोणाला तू म्हणतं, आवाज.

*प्राणी.* आपला कोल्हा आणि इंग्रजी पुस्तकातला फॉक्स एक नाहीत. आपण ज्याला कोल्हा म्हणतो तो जॅकल, फॉक्ससाठी आपल्याकडे खोकड आहे. शेरखानच्या मागे शेपूट हलवत फिरणारा तबाकी हा खरा आपला कोल्हा. बघीरा चित्ता नाही, काळा बिबट्या आहे, हे निम्म्या घरांत चुकतं. विंड इन द विलोजमधल्या मोल (जमीन पोखरून राहणारा छोटा प्राणी) आणि बॅजर यांना आपल्या रोजच्या बोलण्यात शब्दच नाही, मोलला चिचुंद्री करू नका. ती वेगळी, शिवाय चिचुंद्री म्हटलं की आमच्याकडे सगळ्यांनी नाकाला हात लावला आणि बिचाऱ्या सज्जन मोलची पहिल्याच पानावर वाट लागली. मोलला मोलच म्हणा आणि चित्र दाखवा.

सशांचंही आहे. पुस्तकातले ससे जमिनीखाली बोगदे खणून वस्ती करून राहतात. आमच्या वडिलांनी फोनवर ऐकलं आणि म्हणाले, "ससा बिळात कुठं राहते, तो तर गवतात दबून बसते." त्यांचं बरोबरच आहे, आपल्या माळावरचा ससा बीळ खणत नाही, युरोपातला रॅबिट खणतो, आपण दोघांनाही ससा म्हणतो इतकंच. गावाकडचं कुणी ऐकायला असेल तर हे आधीच सांगून टाका, नाहीतर तुमची विश्वासार्हता तिथेच संपते.

*तो, ती, ते.* इंग्रजीत ही अडचण फार येत नाही, मराठीत दर वाक्याला येते. घार ती, मुंगूस ते, अस्वल ते, घुबड ते. पण बालू तो. जंगल बुकमधली चील नावाची घार नर आहे आणि मराठी कानाला "घार आला" हे खटकतंच. मी ठरवलं की नाव घेतलं तर पुस्तकाप्रमाणे, प्राण्याची जात घेतली तर मराठीप्रमाणे. तुम्ही दुसरं ठरवा, पण ठरवा आणि वहीत लिहा.

*अरे-तुरे की अहो-जाहो.* इंग्रजीत सगळ्यांना एकच यू. आपल्याकडे मोगलीनं बालूला काय म्हणायचं? गुरुजी म्हणून तुम्ही, की लाडाचा म्हणून तू? आमच्या घरात आजीला अगं-तुगं आणि आजोबांना अहो-जाहो, तोच नियम मी जंगलात नेला. बालूला तू, लांडग्यांचा म्हातारा म्होरक्या अकेला, त्याला तुम्ही. शेरखानला तोंडावर सगळे तुम्ही म्हणतात आणि पाठीमागे तो लंगडा. तबाकी मात्र "मालक, मालक" करतो. एवढं केलं की वेगळे आवाज काढायची निम्मी गरजच संपते, कोण बोलतंय ते कळतंच. आणि ज्या रात्री मोगली शेरखानला पहिल्यांदा "ए" म्हणाला तेव्हा सासूबाई सरसावून बसल्या, तेवढ्या एका अक्षरासाठी.

*बोली.* इथे माझी सगळ्यात मोठी चूक झाली ती सांगते. माझं माहेर भंडाऱ्याचं. माकडांची टोळी आली तेव्हा हशा यावा म्हणून मी त्यांना आमच्याकडची बोली दिली, आणि हशा आलाही. आठवड्यानं वडिलांचा फोन स्पीकरवर होता आणि धाकटा खिदळत म्हणाला, "आजोबा माकडासारखं बोलतात!" वडील हसले, मला रात्रभर झोप नाही. बावळट, लबाड, खादाड प्राण्यांना गावाकडची बोली देऊ नका. द्यायचीच तर शहाण्याला द्या. आता आमच्याकडे 'का' नावाचा अजगर भंडाऱ्याचं बोलतो, आणि तो त्या पुस्तकातला सगळ्यात भारी गडी आहे.

(वैनगंगा या गोष्टींमध्ये वाहते हेही सांगून टाकते. शिवनीच्या डोंगरातून निघून भंडाऱ्यावरून जाणारी आमचीच वैनगंगा. आणि दुसऱ्या पुस्तकात टोळीवर चालून येणारे रानकुत्रे कुठले, तर दख्खनचे. म्हणजे पुणेकर शत्रुपक्षात. नवऱ्यानं पेपर खाली ठेवला तो त्या रात्री.)

टप्पा ४: रात्रींचा हिशोब

मोबाईलवर वेळ लावून एक पान वाचा. माझं एक पान साधारण तीन मिनिटं घेतं, मराठी करत करत वाचलं तर चार-साडेचार. वीस-पंचवीस मिनिटांच्या वर कुठलीही बैठक नेऊ नका, म्हणजे सहा-सात पानं. आता टप्पा दोनमधल्या आडव्या रेघा बघा आणि रात्री पाडा. प्रकरण संपतं तिथेच थांबलं पाहिजे असं काही नाही, उलट दार वाजलं आणि कोण आलंय ते कळलेलं नाही तिथे थांबा.

आठवड्याच्या सात रात्री धरू नका. पाच धरा. पाहुणे येतात, लाईट जाते, कुणाचा तरी युनिट टेस्टचा अभ्यास निघतो. पाच धरून सहा झाल्या तर पोरांना बोनस वाटतो, सात धरून पाच झाल्या तर नापास झाल्यासारखं वाटतं.

मरणाच्या, गोल केलेल्या जागा रविवारी रात्री येणार नाहीत असं बघा. सोमवारी शाळा असते.

टप्पा ५: बसायची जागा आणि वेळ

यात फार काही नाही. पंखा एकवर, नाहीतर ओरडावं लागतं. टीव्ही बंद, म्यूट नव्हे, बंद. सासूबाईंच्या मालिकेच्या आधी की नंतर हे त्यांना विचारून ठरवा, न विचारता ठरवलं तर त्या ऐकायला बसतात पण लक्ष घड्याळात. खायला द्यायचं तर फुटाणे-शेंगदाणे वाटीत, पाकिटातलं काही नको, त्या चुरचुर आवाजात वाक्यंच्या वाक्यं जातात. पुस्तकात मेजवान्यांची वर्णनं असतील, रेडवॉल या उंदरांच्या पुस्तकमालिकेत पानोपानी आहेत, तर जेवणानंतरच वाचा. रेडवॉल लिहिणाऱ्या ब्रायन जेक्स यांनी ती लिव्हरपूलच्या अंध मुलांच्या शाळेसाठी लिहायला घेतली होती म्हणून त्यात वास, चव, स्पर्श असं सगळं शब्दांत मांडलेलं आहे, आणि त्याचा सरळ परिणाम असा की रात्री पावणेदहाला आमच्याकडे शिरा मागितला गेला.

हाताला चाळा द्या. ऐकताना चित्र काढणं, लसूण सोलणं, मोजे जुळवणं, सगळं चालतं. मांडी घालून माझ्याकडे बघ, हे चालत नाही.

टप्पा ६: पहिली रात्र

प्रस्तावना वाचू नका. लेखकाचा परिचय नको, "हे पुस्तक जगभर गाजलं" नको. नकाशा असेल तर तो दाखवा आणि सरळ पहिलं वाक्य. नकाशाची झेरॉक्स काढून फ्रिजवर लावा, रोज कुठवर पोचलो तिथे टिकली चिकटवायची. टिकली, पेनाची खूण नाही, कारण प्राणी परत फिरतात.

पहिल्या रात्री गोष्टीच्या जगाचे दोन नियम तरी कानावर जायला हवेत. वॉटरशिपमधले ससे चारापर्यंतच मोजू शकतात, त्यापुढे सगळं एकच, "ह्रैर", म्हणजे पुष्कळ. मी त्याला "रग्गड" केलं. दुसऱ्या दिवशी थोरलीनं पाढे म्हणताना बे दुणे चार, बे त्रिक रग्गड असं सुरू केलं आणि मला कळलं की आता ती पुस्तकात शिरली. असा एखादा नियम हुडकून ठेवा आणि तिथे जरा रेंगाळा.

चूक: पहिल्या रात्री सगळ्या पात्रांची ओळख करून देणं. तीन नावं पुष्कळ झाली, बाकीची येतील तेव्हा येतील.

तपासा: वाचून झाल्यावर पुस्तक बंद करा आणि गप्प बसा. दहा सेकंदांत कुणीतरी "मग?" किंवा "पण तो..." म्हणालं तर गाडी लागली. कुणीच काही बोललं नाही तर उद्या आणखी एक रात्र द्या, त्यानंतर टप्पा नऊ बघा.

टप्पा ७: आवाज

उत्साहाच्या भरात पहिल्या रात्री सात प्राण्यांना सात आवाज दिले जातात आणि दहाव्या रात्री बिबट्या बेडकासारखा बोलतो. तुम्ही विसरता, पोरं विसरत नाहीत. दोन आवाज बदला, तीन फार झाले. बाकीच्यांना वेग द्या. मुंगूस भरभर, तुटक, अर्ध्या वाक्यात वळणारं. अजगर सावकाश, शब्दांमध्ये जागा सोडत. अस्वल वाक्याच्या शेवटी जड होतं. घशाला त्रास नाही आणि महिनाभर टिकतं.

भीतीच्या जागी आवाज वाढवू नका, कमी करा. वाघ येतो तेव्हा कुजबुजलं की सगळे पुढे सरकतात. ओरडलं की धाकटा कानावर उशी घेतो आणि ती रात्र गेली.

आठवड्यातून एक रात्र पुस्तक दुसऱ्याच्या हातात द्या. थोरली अडखळत वाचते, अडखळू दे, उच्चार सुधारायला जाऊ नका.

टप्पा ८: मधले प्रश्न, आणि तात्पर्य न विचारणं

मधेच विचारलेल्या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर द्या आणि पुढे जा. लांबलं तर "वहीत लिहू, उद्या बघू". आणि तुम्ही प्रश्न विचारू नका. "यातून आपण काय शिकलो?" हे वाक्य घरातून हद्दपार करा. मी एकदा विचारलं होतं, पंचतंत्रातल्या कावळे-घुबडांच्या युद्धाच्या शेवटी. म्हातारा स्थिरजीवी कावळा स्वतःची पिसं उपटून घेऊन शत्रूच्या घरात राहतो, रोज एकेक काडी जमवतो आणि शेवटी घुबडांची गुहा पेटवतो. धाकटा डोळे फाडून ऐकत होता. मी विचारलं, काय शिकलास? तो एकदम शाळेतल्यासारखा ताठ बसला आणि म्हणाला, "खोटं बोलू नये." गोष्टीत बरोबर उलटं झालेलं होतं. त्याला माहीत होतं, पण त्याला वाटलं आईला हेच हवंय.

बोलायचंच असेल तर स्वतःचं बोला, "मला त्या घुबडांची दया आली बाई." बस. कुणी पकडलं तर पकडेल.

टप्पा ९: गोष्टीत कुणी मरतं तेव्हा, आणि गाडी अडते तेव्हा

प्राण्यांच्या गोष्टीत मरण येतंच, ते कापून टाकलं तर धोकाही खोटा होतो आणि मग पळण्याला काही अर्थ उरत नाही. गाळू नका, पण जागा नीट निवडा. शार्लट्स वेबचं उदाहरण घ्या, १९५२ चं, बावीस प्रकरणं. शार्लट, म्हणजे जाळं विणणाऱ्या कोळ्याची मादी, एकविसाव्याच्या शेवटी मरते. लोक एकविसावं वाचून दिवा मालवतात आणि रात्री दोनपर्यंत रडारड. एकविसावं आणि बाविसावं एकाच बैठकीत, शनिवारी, थोडं लवकर बसून वाचा, कारण बाविसाव्यात तिची पिल्लं येतात आणि गोष्ट पुढे चालू लागते.

वाचताना तुमचाच आवाज कापायला लागला तर थांबा, पाणी प्या, परत सुरू करा. त्या पानावर मी थांबले तेव्हा सासूबाईंनी पुस्तक हातातून घेऊन उरलेलं वाचलं, कोरड्या आवाजात, पंचांग वाचावं तसं, आणि ते माझ्यापेक्षा बरं झालं.

लगेच समजूत घालू नका. "ती आकाशात गेली" वगैरे तर नकोच, पुस्तकात नाहीये ते. दुसऱ्या दिवशी कुणी विषय काढला तर बोला.

आता अडलेली गाडी. सलग तीन रात्री कुणीच "वाचूया" म्हणालं नाही तर आधी फुल्या वाढवा, वर्णनं गाळा, संवाद ठेवा. तरी नाही तर पुढचं एक अख्खं प्रकरण दोन मिनिटांत तोंडी सांगून पुढच्या पळापळीवर उडी मारा. तरीही नाही तर पुस्तक सोडा. पण न बोलता फडताळात ढकलू नका, सगळ्यांसमोर सांगा की हे आत्ता नको, आणि शेवट काय होतो तो सांगून टाका. अर्धवट राहिलेली गोष्ट पुढच्या पुस्तकाच्या वेळीही चिडवत राहते.

टप्पा १०: सिनेमा नंतर

क्रम हाच, आधी पुस्तक मग सिनेमा. जंगल बुकच्या १९६७ च्या कार्टूनमध्ये 'का' अजगर खलनायक आहे, पुस्तकात तो मोगलीला माकडांच्या तावडीतून सोडवतो. सिनेमात माकडांना राजा आहे, पुस्तकात माकडांना कुणी पुढारीच नाही आणि हीच तर त्यांची गोची आहे. आधी सिनेमा बघितला की पोरं प्रत्येक पानावर "असं नाहीये" म्हणतात. पुस्तकानंतर बघितला तर हेच वाक्य ती सिनेमाला म्हणतात, आणि तो खेळ दोन तास मस्त चालतो. आम्ही तर गुण देतो, एक चूक पकडली की एक शेंगदाणा.

वॉटरशिपचा १९७८ चा सिनेमा मात्र आधी स्वतः एकट्यानं बघा. कार्टून आहे, ससे आहेत, म्हणून सगळ्यांना बसवू नका, त्यातलं रक्त लाल आहे आणि भरपूर आहे. आमच्याकडे तो अजून लावलेला नाही, थोरलीला चारच्या पुढे मोजायची सवय परत लागली की बघू.